गुडघ्यांखालची किसणी

मी गुआयो बोलते आहे. आमच्या बेटावरच्या मोका गावात गुआयो म्हणजे किसणी. मात्र ‘हिला गुआयोवर बसवा’ असे कोणी म्हणाले, की तेथे नारळाचा संबंध नसतो. तेव्हा मला जमिनीवर उताणी ठेवतात आणि शिक्षा म्हणून मुलाचे उघडे गुडघे माझ्या दातांवर टेकवतात. एकाच शब्दात भूकही आहे आणि भयही.

तेलाच्या डब्याचा पत्रा, एक खिळा आणि हातोडा यांतून माझा जन्म झाला. खिळा आरपार गेला, की पलीकडे पत्र्याची पाकळी उमलते; त्या पाकळ्या हेच माझे दात. या घरच्या एर्सिलियाच्या नवऱ्याने मला लाकडी चौकटीत बसवून स्वयंपाकघरात टांगले. दुपारी माझ्या छिद्रांतून ऊन गळे, जमिनीवर कवडशांची नक्षी हाले, आणि ताज्या नारळाच्या वासात सारे घर पेंगुळलेले असे.

त्या पेंगुळल्या दुपारींतच एर्सिलियाची मुले, रादामेस आणि योकास्ता, माझ्यावर बसत. मोठेपणी दोघेही म्हणू लागली, “आईनं वळण लावलं म्हणून माणसं झालो.” मी ऐकत असे. वळणाचे मला ठाऊक नाही. किसल्याने वस्तू लहान होते, एवढेच मी जाणते.

यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात घरची सारी पुन्हा जमली. चुलीवर या दिवसांत करतात ती घेवड्याची गोड खीर रटरटत होती. योकास्ताच्या सात वर्षांच्या मुलीच्या, मिरेलिसच्या हातून खिरीचा वाडगा निसटला.

“गुआयो काढ गं,” म्हाताऱ्या एर्सिलियाने योकास्ताला फर्मावले. “कोवळी आहे तोवरच वळते पोर.”

रादामेस हसला. “मिरेलिस, तुझी आई म्हणजे अडेलतट्टू. आजी बिचारी ‘ऊठ, ऊठ’ म्हणून दमली, पण ही दिवेलागणीपर्यंत गुआयोवरून हलली नाही. म्हणून तर मुख्याध्यापिका झाली.”

ही गोष्ट योकास्तानेही तीस वर्षे हसत सांगितली होती. तिने मला खुंटीवरून काढले आणि ती वळली. कोणी न सांगताच मिरेलिसने झगा गुडघ्यांच्या वर सरकवला होता आणि ती जमिनीकडे पाहत उभी होती.

योकास्ताचा हात थबकला.

“आई, त्या दिवशी तू मला ‘ऊठ’ म्हणाली होतीस?”

“म्हणाले असेन की.”

“असेन?”

एर्सिलिया पळीने खीर ढवळत राहिली. “शेजारीण आली होती. बोलत बसलो आम्ही. दुपार कशी सरली, कळलंच नाही.”

“जुनं कशाला उकरतेस, योका?” रादामेस म्हणाला. “वाडग्यांतली खीर निवतेय.”

योकास्ताने मला ओट्यावर पालथे ठेवले आणि मुलीचा झगा खाली ओढला. “जा, फडकं आण. आपण दोघी पुसू.”

आता मी ओट्यावरच असते. माझे काही दात झिजले आहेत. माझ्या साऱ्या भगिनींना नारळापुरतेच आयुष्य लाभो, एवढेच माझे मागणे.

ती गोष्ट मात्र मोका गावात अजून हशा पिकवते, आणि तिच्यात एक चूक तशीच राहते. योकास्ता हट्टी नव्हती. ती आज्ञाधारक होती. ‘ऊठ’ हा शब्द त्या दुपारी कोणीच उच्चारला नाही.