मांडवाची चार भोकं

पोळी तव्यावर होती आणि खालून मघापासून ठण्‌ ठण्‌ असा आवाज येत होता, तो कशाचा ते तनुजाला आत्ता कळलं. मातीत पहार मारली की असा आवाज येत नाही. तिनं गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच जिना उतरली. कॉलनीच्या ओपन स्पेसच्या फाटकातून आत शिरली तर स्केटिंगच्या नव्या रिंकच्या मधोमध एक माणूस पाय फाकवून उभा, आणि पहारीनं फरशीला भोक पाडतोय.

"ओ! थांबा! आधी थांबा!"

माणसानं पहार टेकवली. मांडववाल्याकडचा मल्हारी. कॉलनीतल्या दर लग्नाबारशाला खांब रोवायला हाच यायचा.

"काय झालं ताई?"

"मलाच विचारता काय झालं? हे काय चाललंय?"

"मांडव. उद्या ह्याचंच लोकार्पण हाय ना. खांब कशात रोवायचे मंग?"

चार भोकं पाडून झाली होती. पुढं सगळ्या गुळगुळीत फरशीवर खडूच्या फुल्या. तनुजानं मोजल्या. अजून अठरा.

दीड वर्ष लागलं होतं या फरशीला. आधी पुंडलिकनगरातली पोरं रस्त्यावरच स्केटिंग करायची, सकाळी सहाच्या आत, दुधाच्या गाड्या सुरू व्हायच्या आधी. मग पाइपलाइनसाठी रस्ता खणला. नंतर नीट बुजवू म्हणाले आणि वरवर खडी लोटून गेले. त्याच पट्ट्यात चाक अडकून तिची अक्षदा तोंडावर आपटली. नऊ वर्षांची पोर, मनगट मोडलं आणि पुढचा दात गेला, तोही दुधाचा नव्हे. तनुजा महिनाभर रात्रीची दचकून उठायची. मग दिवसा अर्ज घेऊन दारोदार फिरायला लागली. एमेस्सीचा उपयोग झाला तर इथं झाला. कठडा किती उंच हवा, चाकाला फरशी कशी लागते, सगळं तिनं वाचून काढलं. स्केट हॉकीची रिंक, आणि कोपऱ्यात स्केटबोर्डवाल्यांसाठी दोन उतार. काँक्रीट ओतून मशीननं घोटून घेतलं. नंतर एकवीस दिवस त्याच्यावर पाणी. नळ आठव्या दिवशी येणार, तरी बायकांनी आपापल्या टाकीतल्या बादल्या आणून ओतल्या. सत्तरीच्या मनकर्णाबाईंनी तर धुणं मागं टाकलं होतं.

आणि आता त्याच फरशीत पहार.

"या फुल्या कुणी मारल्या?"

"म्या," मागून आवाज आला. गोकुळ. वॉर्डातून उभं राहायची तयारी करणाऱ्या पुंजारामभाऊंचा उजवा हात. मोबाइल कानाला, तोंडात सुपारी. "काय वहिनी, सकाळी सकाळी?"

"गोकुळभाऊ, इथं पोरं चाकांवर पळणार आहेत. भोकात चाक गेलं की पोरगं हनुवटीवर पडतं. कळतं का तुम्हाला?"

"लगेच बुजवून देतो की. मूठभर सिमिट लागतंय."

"बुजवलेलं निघतं. निघालं की कड राहते. ती कड माझ्या पोरीनं तोंडानं मोजलीय!"

"आता भाऊंना उन्हात बसवायचं का? एवढा मोठा माणूस."

"छत्री धरा ना डोक्यावर! तुमचंच काम आहे ते."

मल्हारीनं पटकन तोंड फिरवलं, पण हसला ते दिसलंच. गोकुळची सुपारी गालात थांबली.

"माझ्यावर कशाला तापता वहिनी? तुमच्याच घरून परवानगी आली. रामप्रसादभाऊंना विचारा."

तनुजाला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. रामप्रसाद, तिचा नवरा, कॉलनीच्या कमिटीचा सचिव. ती फाटकात आली आणि तिसऱ्या मजल्याकडं बघून अशी हाक मारली की चार गॅलऱ्यांत माणसं आली. शेजारची करुणा तर खाली धावतच आली, मागून मनकर्णाबाई.

रामप्रसाद अर्धी दाढी करून उतरला.

"तू सांगितलंस? इथं खांब रोवा म्हणून?"

"अगं, हळू बोल."

"सांगितलंस का?"

"भाऊ येणार, मांडव तर लागणारच. त्यांनी मागायच्या आधी आपणच म्हटलं, बरं दिसतं. नंतर बुजवू ना."

नंतर बुजवू. त्याच्या तोंडून. दवाखान्यात अक्षदाचा प्लास्टरमधला हात धरून बसलेला हाच माणूस.

"फोन लाव," ती म्हणाली.

"कुणाला?"

"भाऊंना. सांग, मांडव रिंकवर नाही. इथंच, सगळ्यांसमोर. स्पीकरवर."

"तनू, असं कसं सांगायचं त्यांना?"

"नाही लावलास तर मी या फुलीवर बसते. मग घाला पहार."

"म्या बी बसते," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि खरंच पदर खोचून खाली टेकल्या. "माझं पानी हाय याच्यात. बघू कोन उठवतंय!"

रामप्रसादनं फोन लावला. गालावरचा साबण वाळून पांढरा झाला होता. "भाऊ, नमस्कार... ते मांडवाचं... म्हणजे फरशी नवीन आहे, तर इथं खांब... नको, असं बायकांचं म्हणणं..."

"मंग रस्त्यावर टाका ना!" भाऊंचा आवाज घुमला. "मला काय करायचंय? धा मिनटं बसायचं, फीत कापायची. खेळाच्या जागंत भोकं कोन पाडतंय? येडे हाय का तुमी?"

फोन बंद झाला. गोकुळ मोबाइलात खूप काही असल्यासारखा बघत राहिला.

"रस्त्यावर असंल तर सोपं हाय," मल्हारी म्हणाला. "डरममधी वाळू भरून खांब हुभे करतो. टेम्पोतच हायत डरम."

तनुजा त्याच्याकडं वळली. "टेम्पोत आहेत? मग आधी का नाही वापरले?"

"कुनी बोललंच नाय ताई. खुना होत्या, म्या पाडत गेलो."

तिला ओरडायचं होतं, पण नेमकं कुणावर? ज्याला रस्ताही चालत होता त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो मागेल या भीतीनंच यांनी पोरांची जमीन देऊन टाकली होती.

ती पहिल्या भोकापाशी बसली. बोट घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, आणि कडेनं केसाएवढी चीर लांब, गोलपोस्टच्या दिशेनं पळाली होती. फरशीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, चिरा गेल्या असतील तर नुसतं बुजवून भागायचं नाही; चारी ठिकाणी चौकोन कापून नव्यानं भरावं लागंल, आणि परत एकवीस दिवस पाणी. तोवर चाक नको.

"उद्या मुलांची मॅच ठेवलीय," रामप्रसाद म्हणाला. "पत्रिकेत छापलंय. एका बाजूनं खेळतील की."

"एक चाक फिरणार नाही इथं. फीत कापा, फोटो काढा, जा घरी."

मल्हारीची माणसं खांब उचलून रस्त्याकडं निघाली. मनकर्णाबाईंना करुणानं हात देऊन उठवलं. तेवढ्यात अक्षदा आली, हेल्मेट घालून, स्केट्स गळ्यात अडकवून, हॉकी स्टिक फरशीवर घासत. भोकं पाहून ती थबकली. एकाशी वाकली, मग आईकडं पाहिलं.

"आई, उद्या आमची मॅच?"

"नाही."

"मग कधी?"

"महिन्यानं. झाली तर."

"पण का?" तिचा आवाज चिरकला. "आम्ही काय केलं?"

तनुजा उठली. हातावरचं पीठ वाळून तडकलं होतं.

"बाबांना विचार," ती म्हणाली, आणि तो उत्तर देईपर्यंत तिथून हलली नाही.