पांढरे न झालेले दोन दात

माझं पोट दुसऱ्यांच्या दातांवर चालतं. दंतवैद्य लोकांच्या तोंडाचं माप पाठवतात आणि मी लॅबमध्ये बसून त्या मापाची कॅप घडवते. लोक म्हणतात, दात पांढराच करायचा, त्यात काय एवढं? कपाळ माझं! दात पांढरे नसतातच. कुणाचे पिवळसर, कुणाचे करडे, हिरडीजवळ गडद आणि टोकाला जरा आरपार. शेजाऱ्याशी रंग जुळला नाही, तर कॅप तोंडात उपऱ्यासारखी बसून राहते.

धाकट्या बहिणीचा पुढचा दात मीच केला होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिचा मूळचा दात तुटला होता. बाथरूममध्ये पाय घसरला, असं आईनं फोनवर सांगितलं. कसा घसरला, म्हणून मी दोनदा विचारलं, तर आई खेकसली, "तू काय पोलिसात आहेस? दात असा कर की कुणाला पत्ता लागता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची." आईवर अविश्वास कोण दाखवणार? मी दात केला, आणि असा केला की तपासताना डॉक्टरांनीच विचारलं, यातला तुमचा कुठला?

परवा दुपारी धाकटी लॅबमध्ये आली ती मास्क लावूनच. तिचा नवरा बाहेर गाडीत फोनवर बोलत होता. ती माझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, हसू नकोस हं." तिनं मास्क खाली केला.

हसू कुठून येणार? हिरड्यांवर भाजल्यासारखे पांढरे चट्टे उठले होते. दात खडूसारखे पांढरे, आणि त्यांच्या मधोमध माझी कॅप, चहात बुडवून काढल्यासारखी.

"हे काय करून घेतलंस?"

"घरी दात पांढरे करायचं पाकीट मिळतं ना, जेल आणि दातांवर चढवायचा ट्रे? ह्यांनी मागवलं. शनिवारी ह्यांच्या ऑफिसचा कार्यक्रम आहे, बढतीचा. साहेबांबरोबर फोटो निघणार. म्हणाले, तुझे दात बघून लोकांना वाटेल, मी तुला ब्रशसुद्धा आणून देत नाही."

"जेल किती वेळ ठेवायचं लिहिलं होतं?"

"अर्धा तास. पण हे म्हणाले, अर्ध्या तासात अर्धंच काम होणार. रात्रभर ठेव."

"आणि तू ठेवलंस."

"झोंबत होतं गं. थंड पाणीसुद्धा पिता येत नाही आता."

माझं डोकं फिरलं. जेल म्हणजे विष नव्हे. डॉक्टरांनी आधी तोंड तपासलं, कीड नाही ना ते पाहिलं, तुमच्या जबड्याचा ट्रे करून दिला आणि सांगितलं तेवढाच वेळ लावलं, तर दात उजळतात, काही काळ टिकतातही. पण पाकिटातला ट्रे सगळ्या जगाला एकच. तो बसत नाही, जेल बाहेर येतं आणि हिरड्या भाजून काढतं. शिवाय रंग बदलतो तो फक्त आपल्या अस्सल दातांचा. कॅपचा नाही, भरलेल्या सिमेंटचाही नाही. माझी सख्खी बहीण असून हिला एवढं ठाऊक नसावं?

"मला वाटलं, सगळेच होतील," ती पुटपुटली.

मी दिवा जवळ ओढला. कॅपच्या शेजारचा दात पांढरा झाला होता, पण सगळा नव्हे. त्याचा खालचा कोपरा जुन्याच रंगाचा, ठिगळासारखा. तुटलेला कोपरा कुणीतरी सिमेंटनं बांधून काढला होता. काम चांगलं होतं. दात पिवळे असताना मलाही कधी दिसलं नव्हतं.

"हा कधी तुटला?"

तिनं मास्ककडे हात नेला.

"कशानं तुटला, विचारतेय मी."

"दार लागलं. कपाटाचं."

"मग माझ्याकडे का नाही आलीस?"

"तू विचारत बसतेस म्हणून."

तेवढ्यात तिचा नवरा आत आला. हसतमुख माणूस. सगळे म्हणतात, किती गोड बोलतो. "काय ताई, कारखाना जोरात?" माझ्या टेबलावरची एक कॅप त्यानं उचलून पाहिली. "शनिवारपर्यंत दोन्ही दात चकाचक करून टाका. घरचं माणूस असलं की किती बरं असतं!"

"हा दुसरा कसा तुटला हो?" मी विचारलं.

"तो? किडला होता. गोड किती खाते, माहितेय ना तुम्हाला?"

धाकटीनं मान खाली घातली. तिचं दार, त्याची कीड. दोघांपैकी कुणीच दुसऱ्याचं खोडून काढलं नाही. त्याचे दात घशात घालावेत असं मला वाटलं, अगदी खरोखर वाटलं.

"शनिवारपर्यंत जमणार नाही," मी म्हणाले. "पांढऱ्या केलेल्या दातांचा रंग थोडा उतरतो. रंग स्थिरावल्याशिवाय जुळवता येत नाही. आधी हिच्या हिरड्या डॉक्टरांना दाखवा."

"मग फोटोचं काय?" त्यानं मला असं विचारलं, जसं काही तो घोळ मीच घातला होता.

"मी तोंड मिटून उभी राहीन," धाकटी म्हणाली. "जमतं मला."

"बघा! शहाणी आहे," तो हसला आणि गाडीची किल्ली फिरवत दाराकडे निघाला.

मी तिचा हात धरला. "आज माझ्याकडे राहा. उद्याचं उद्या बघू."

तिनं त्याच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शनिवारी कार्यक्रम आहे, ताई." हात सोडवून घेतला, मास्क वर केला आणि गेली.

मी लगेच आईला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, "होतील का गं दात शनिवारपर्यंत?"

"आई, ती बाथरूममध्ये पडली नव्हती. तिचे दोन्ही दात त्यानं तोडलेत."

मला वाटलं, तिला धक्का बसेल.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "दोन्ही वेळा तिनं पहिला फोन मलाच केला होता. तू तिचे दात तेवढे नीट करून दे."