बंद कोठीतलं लोणी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी रवी आहे. मुखेडच्या ईश्वरप्पा सुतारानं मला शिसवाच्या लाकडातून घडवलं. विमलबाईंच्या लग्नात आहेर म्हणून मी त्यांच्याबरोबर नायगावात आले.

विमलबाई हैदराबादेत शिकलेल्या. तिथल्या शाळेत एका मडमेनं त्यांना केकवर लावायचं गोड लोणी करायला शिकवलं होतं. गार लोण्यात वस्त्रगाळ पिठीसाखर थोडी थोडी घालायची आणि पांढरंशुभ्र, हलकं होईपर्यंत फेसायचं. हे फेसण्याचं काम माझं. मग जाड कागदाच्या कोनातून त्या केकवर गुलाब काढत. गल्लीतली मुलं उंबऱ्यात बसून बघत राहायची. तेव्हा मला फार अभिमान वाटायचा.

निजामाच्या राजवटीचा तो शेवटचा उन्हाळा होता. उमरीच्या बाजूला दिवसाढवळ्या धूर दिसायचा. बाजार दुपारीच उठायचा. मुलंही येईनाशी झाली.

विमलबाईंचे धाकटे दीर शरदचंद्र यांनी शाळेवर तिरंगा लावला होता. निजामाच्या बाजूचे बंदूकवाले त्यांना शोधत होते. ते आमच्याच घरात, स्वयंपाकघरामागच्या कोठीत लपले होते. लोणी गार राहावं म्हणून त्या कोठीच्या दारावर ओलं गोणपाट टांगलेलं असे.

अशात एके दुपारी तहसीलदारांच्या बेगम, नफीसा बेगम, केक घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. केक त्यांच्या घरी भाजलेला, लोणी आमच्या घरचं, असा दोघींचा रिवाज होता.

मी भांड्यात फिरत होते. तेवढ्यात कोठीतून खोकला ऐकू आला.

विमलबाईंचा हात थांबला. बेगमांनी गोणपाटाकडे पाहिलं, मग विमलबाईंच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याकडे. आणि अंगणात बूट वाजले.

चौघं बंदूकवाले आत शिरले. त्यांनी कणगी उलटवली, अंथरुणं फेकली. त्यांचा म्होरक्या कोठीपाशी आला. बेगम उठल्या आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"ठैरो! अंदर मेरी बच्ची के केक का मक्खन हाय. दरवाजा खोले तो पिघल जाता."

"बेगमसाहेबा, हुकूम हाय हमकू."

"तो पैले मेरेकू हटाओ. फिर तहसीलदारसाब कू जवाब देव."

भांड्यातलं लोणी उन्हानं सैल होत चाललं होतं. कुणीच हलत नव्हतं.

"चलो," म्होरक्या शेवटी म्हणाला. जाताना वळून तो बेगमांना म्हणाला, "आज का दिन याद रखूंगा मैं."

विमलबाई खाली बसल्या. "आपा, माझे दीर आहेत ते..."

"मैं नै पूछती, विमलबाई. तुम गुलाब बनाओ."

गुलाब वेडेवाकडे झाले. दिवस मावळताना बेगमांचा पडदा लावलेला टांगा निघाला. आत बेगमांशेजारी, बुरखा घेतलेले शरदचंद्र केकचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

शरदचंद्र निजामाच्या सरहद्दीपलीकडच्या, लढणाऱ्यांच्या छावणीत सुखरूप पोचल्याचा निरोप आला. पण त्यानंतर थोड्याच दिवसांत तहसीलदारांच्या घराला कुलूप लागलं. बदली झाली असं कुणी म्हणे, तर कुणी मान खाली घालून पुढं जाई. विमलबाईंनी हैदराबादेपर्यंत चौकशी केली. ते तिघं कुठे गेले, हे कधीच कळलं नाही.

राजवट गेली. शरदचंद्र परत आले, गावानं त्यांची मिरवणूक काढली. विमलबाई त्या दिवशी घराबाहेर पडल्या नाहीत. गोड लोणी त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

आता मी फळीवर धूळ खात पडून आहे. मित्रांनो, मला नाही पुसलंत तरी चालेल. पण तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसांजवळ जरा बसा. त्यांच्यासाठी कोण कोण दाराला पाठ लावून उभं राहिलं होतं, ते विचारा, आणि ती नावं जपा. शरदचंद्रांचं नाव आज गावातल्या चौकाला आहे. नफीसा बेगमांचं नाव या घरात आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.