पोटात लोखंड दडवलेला पॉवर सप्लाय

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. कॉम्प्युटरच्या डब्यात कोपऱ्यात बसायचे आणि भिंतीतली वीज सगळ्या भागांना ज्याच्या त्याच्या मापाने वाटायची, हे आमचे काम. ही गोष्ट दोन हजार सतरा सालची. तेव्हा मी नवा कोरा होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण जन्मापासूनच खोटा होतो.

एका पत्र्याच्या शेडमध्ये मला बनवले. तिथे तांबे कमी आणि रंग जास्त वापरत. बिघाड झाला की आपणहून बंद पडायची जी सोय चांगल्या पॉवर सप्लायमध्ये असते, ती माझ्यात घातलीच नाही. मला झेपणार होते जेमतेम दोनशे वॉट, पण पोटावर लेबल डकवले पाचशेचे. हातात घेणाऱ्याला मी हलका लागू नये म्हणून कामगाराने आत एक लोखंडी पट्टी चिकटवली आणि झाकण लावले.

"झाला गडी भारदस्त!" तो म्हणाला. मला तो मानच वाटला.

दुकानात आठ महिने धूळ खाल्ल्यावर एका दुपारी मावशी-भाची आल्या. मावशीचे भंगाराचे दुकान होते. कोणी रद्दी ओली करून आणो की पोत्यात दगड दडवो, ही बाई नुसती हातात तोलून चोरी पकडायची. सगळे तिला काटामावशी म्हणत. भाचीला तिनेच वाढवले होते. खेळ खेळण्याजोगा पहिला कॉम्प्युटर आपल्या हाताने जोडायचा म्हणून भाचीने दोन वर्षे सुट्टीत मावशीच्या दुकानात जुन्या तारा सोलल्या होत्या. आता चुकले तर पुन्हा दोन वर्षे तारा सोलणे आले.

प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम घेऊन झाले. राहिले ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर खेळाची चित्रे उभी करणारा भाग, आणि राहिलो आम्ही. दुकानदाराने मला एका महागड्या भावंडाशेजारी ठेवले.

"मावशी, हा महाग आहे, पण सगळे हाच घ्या म्हणतात," भाची म्हणाली.

"सगळ्यांचं काय जातंय म्हणायला?" मावशीने दोन हातांत आम्हां दोघांना तोलले. "हा बघ, कापूस नुसता. आणि हा! ह्यात माल आहे, माल."

"अगं, हे वजनावर नसतं."

"तीस वर्षं घर वजनावरच चाललंय, बाईसाहेब. लोखंड खोटं बोलत नाही."

भाची हसली. मग जरा घुटमळून म्हणाली, "हा स्वस्तातला घेतला, तर वरच्या नंबरचं ग्राफिक्स कार्ड येईल म्हणा."

"मग घोडं अडलंय कुठं?"

दुकानदार पंख्याकडे बघत राहिला. त्याला माझे सारे पोट ठाऊक होते. आणि मी? खरे सांगतो, मला त्या फळीवरून सुटायची घाई झाली होती.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस. भाची खेळायची, मावशी शेजारी बसून ओरडायची, "अगं, डावीकडून आला मेला, हाण त्याला!" शेजारीण आली की माझ्याकडे बोट दाखवून सांगायची, "हा माझ्या पसंतीचा बरं का!" त्या कौतुकाने मी आत तापत असे. एरवीही तापतच असे.

बाविसाव्या दिवशी ग्राफिक्स कार्डाने जास्त वीज मागितली. मी ताणून दिली, ताणून दिली, आणि फुटलो. जळका वास घरभर झाला. एकटा मेलो असतो तर दुःख नव्हते. थांबायचे मला शिकवलेच नव्हते, म्हणून मदरबोर्ड आणि ते हौसेचे कार्ड दोन्ही मी जाळली.

दुरुस्तीवाल्याने माझे झाकण उघडले. "मावशी, ह्यात अर्धा किलो लोखंड आहे. बिनकामाचं. नुसतं वजनाला."

मावशीने पट्टी तळहातावर घेतली. सवयीने ती तोलून पाहिली. "लोकांच्या पोत्यातले दगड मला कळतात," ती म्हणाली, "आणि हे कळलं नाही."

"वरचं कार्ड मलाही हवंच होतं, मावशी."

"तू सांगत होतीस गं. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

एवढी मोठी बाई पोरीपुढे मान खाली घालून उभी होती. तिला कमीपणा आणला तो मी.

तो दुकानदार "मला काय माहीत" म्हणत राहिला. पुढे गिऱ्हाईक तुटले आणि दुकान बंद झाले. दुरुस्तीवाल्याने भाचीला रविवारी हाताखाली घेतले. आता त्याचे हात कापतात आणि त्याची कामे तीच करते. तिने दोन वर्षे तारा सोलून दुसरा कॉम्प्युटर जोडला, तेव्हा आधी पॉवर सप्लाय घेतला. मावशीने गुडघ्यांमुळे दुकान सोडले. हल्ली ती स्वतः खेळते, हरते आणि माऊसला शिव्या घालते.

मी भाचीच्या टेबलावर उघड्या पोटाने पडून असतो. पहिला कॉम्प्युटर घ्यायला आलेल्यांना ती मला दाखवते. मुले हसतात. हसा, मित्रांनो, मी त्याच लायकीचा आहे. फक्त एक विनंती. दुसऱ्याच्या कष्टाचा पैसा वाया जाताना दिसला, तर त्या दुकानदारासारखे पंख्याकडे बघू नका. मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.