मतासाठी भेटी

ओक्ताव्ह ब्रेसोल यांची कादंबरी रोज सकाळी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाच्या तळाशी छापून येई आणि दुपारपर्यंत तिने अर्ध्या पॅरिसचे डोळे ओले केलेले असत. रूआँ शहरातल्या एका वकिलाकडचा हा एकेकाळचा कारकून लेखणीच्या बळावर स्वतःच्या बग्गीतून फिरू लागला होता. मात्र विद्वानांच्या मेजवानीत त्यांचे नाव निघाले की लोक हसू लपवायला रुमाल तोंडाशी नेत.

म्हणून साठीत त्यांना एकच गोष्ट हवी होती: विद्वत्सभेतली खुर्ची. तिथल्या सभासदांना ‘अमर’ म्हणत. त्यांतले एक अमर नुकतेच वारले होते. रीतीप्रमाणे उमेदवाराने प्रत्येक सभासदाच्या घरी जाऊन मत मागायचे असते. काळा कोट चढवून ब्रेसोल प्रथम वृद्ध इतिहासकार द व्हिलार्सो यांच्याकडे गेले.

“मी असल्या कादंबऱ्या वाचत नाही, महाशय.”

“साहजिक आहे.”

“आमची स्वयंपाकीण झेली वाचते. मोठ्यानं. कानांना काही झाकण नसतं.” म्हातारे पुढे वाकले. “त्या शिवणकाम करणाऱ्या लिओंतीनला डॉक्टरानंच विष घातलं ना?”

“आजच्या अंकात—”

“आजचा झाला हो! उद्याचं सांगा.”

गंभीर लेखक ठरायचे तर नायिका मेली पाहिजे, असा सल्ला ब्रेसोल यांना मिळाला होता. “ती मरणार,” ते म्हणाले.

दारात कॉफीचा ट्रे आदळला. “मरणार?” झेली कडाडली. “मग मतं मागायला दुसरं घर बघा. इथं कॉफीसुद्धा मिळायची नाही!”

“झेली, आत जा,” म्हातारे म्हणाले. मग हळूच, “ती जगली, तर माझं मत तुमचं.”

लिओंतीन जगली. बाकीच्या घरीही तेच घडले. कादंबरी कुणीच वाचत नव्हते. वाचत असे ती कुणाची मेहुणी, कुणाचा न्हावी. डॉक्टराच्या गालावरचा व्रण मात्र सर्वांना ठाऊक होता.

मतमोजणीत ब्रेसोल यांना एकही मत पडले नाही.

ते तडक द व्हिलार्सो यांच्या दिवाणखान्यात शिरले. “तुम्ही शब्द दिला होता!”

“दिला होता ना. तुमचं नाव लिहायला लेखणीही उचलली. मग समोर आमची ‘अमर’ मंडळी बसलेली दिसली. खुर्ची मिळाल्यापासून एकानंही धड पान लिहिलेलं नाही. सभेचा शब्दकोश करायचा, तर त्याच्यावरच डुलक्या काढतात. तुम्हीही पेंगायला लागलात, तर रोज सकाळी या घरात काय वाचायचं? मी तुम्हाला वाचवलं, महाशय.”

ब्रेसोल यांनी हातातली हॅट खाली ठेवली. “म्हणजे माझं लेखन चांगलं आहे, असं म्हणता?”

म्हातारे दचकले. “चारचौघांत असं मी कधीच म्हणणार नाही.”

“आणि एकट्यात?”

द व्हिलार्सो उठले, दार नीट लागले आहे की नाही ते पाहून आले, आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली.