सभासद चारशे सतरा

बाइंडरने उभ्या आयुष्यात एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं, आणि याची त्याला लाज तर नव्हतीच, उलट तो ते छाती काढून सांगायचा. "दिवसभर त्यांच्या पाठी सरळ करतोय, ते काय कमी आहे?" असं म्हणून पुन्हा सुईत दोरा ओवायचा. बायको होती तोवर हे ऐकून कपाळाला हात लावायला घरात कुणीतरी होतं. तिला जाऊन वर्ष झालं. आता तो हे वाक्य पुस्तकं दाबायच्या प्रेसला ऐकवायचा, आणि प्रेस पडलं लोखंडाचं, ते काय बोलणार.

घर तीन खोल्यांचं. पुढची खोली कामाची: प्रेस, पुठ्ठे, कातडीचे तुकडे, खळीचं भांडं. मधली झोपायची आणि मागे स्वयंपाकघर. तिथल्या डब्यांवर बायकोने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, मीठ, साखर, चहा. तिचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, घाईत निघाल्यासारखं. मिठाच्या डब्यात आता बटणं होती, पण चिठ्ठी काढायला त्याचा हात धजावला नव्हता.

काम यायचं ते बहुतेक रस्त्याच्या टोकाच्या वाचनालयातून. त्या वाचनालयाची एक तऱ्हा होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक रेघी पान चिकटवलेलं असायचं, अभिप्रायाचं. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर दोन ओळी लिहायच्या, खाली सभासद क्रमांक आणि तारीख. नाव लिहायचं नाही. नाव नसलं की माणसाला कंठ फुटतो, असं ग्रंथपाल बाईंचं म्हणणं, आणि ते खरंच असावं, कारण समोर आलं तर एकमेकांना नमस्कारही न करणारी माणसं त्या पानांवर हमरीतुमरीवर यायची.

पान भरलं आणि पुस्तक खिळखिळं झालं की ते बाइंडरकडे यायचं. जुनं पान काढायचं, नवं कोरं लावायचं. जुन्याचं काय करायचं हे बाईंनी कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही. चांगला जाड कागद फेकवत नव्हता. म्हणून तो ज्या पुस्तकाचं पान त्याच पुस्तकाच्या पाठीला आतून अस्तर म्हणून लावायचा, वर खळ, वर कापड, की काम फत्ते. लिहिलंय काय, हे बघायची गरज त्याला तीस वर्षांत पडली नव्हती.

त्या दिवशी दोन जाडजूड पुस्तकं आली. एका पोरसवदा जादूगाराची तीन भागांतली गोष्ट, त्यातले पहिले दोन भाग. तिसरा भाग गेल्या वर्षीच येऊन गेला होता. शेवटचा भाग नेहमी आधी मोडतो, लोक शेवट दोनदा वाचतात. पहिल्या भागाचं मागचं पान सोडवता सोडवता त्याचा चाकू थांबला. पानावर मिठाच्या डब्याचं अक्षर होतं.

त्याने चष्मा पुसला आणि पान वरपासून वाचलं.

"छान आहे. सगळ्यांनी वाचावं. ८८."

"पहिली ऐंशी पानं पोरगा नुसता डोंगर चढतोय. जादू कधी? उशाला घ्यायला पुस्तक उत्तम. २०३."

"मुलगा रडका आहे. जादूगाराला शोभत नाही. १४०."

आणि त्याखाली: "१४० यांना. घर सोडून आलेलं पोर रडणार नाही तर काय करेल? मला राग आला तो म्हाताऱ्या गुरूचा. जेवायला समोर माणूस बसलंय आणि हा भिंतीकडे बघत घास गिळतो. ही सवय मी फार जवळून पाहिली आहे. ४१७."

बाइंडरने ते पान जपून बाजूला ठेवलं. मग दुसऱ्या भागाचं पान त्याने इतकं हळू सोडवलं की एक धागासुद्धा तुटला नाही. तिथे २०३ म्हणत होते की आता कुठे गाडी रुळावर आली. १४० ना खलनायक कच्चा वाटला होता. ८८ ना नेहमीप्रमाणे सगळं छान. आणि चारशे सतराने लिहिलं होतं: "गुरू एकदाच हसतो, पान दोनशे बारा. ते पान मी तीनदा वाचलं. तिसऱ्या भागात तो मनमोकळं बोलेल का, एवढंच मला बघायचंय."

तिसऱ्या भागाचं पान कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या भागाच्या पाठीत, त्यानेच चिकटवलेलं. माणसाने आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तो असा. ती काय म्हणाली, हे आता त्याला वाचायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी वाचायचं होतं, आणि ते नेमकं त्याने स्वतःच बंद करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही भाग बांधून घेऊन तो वाचनालयात गेला. "तिसरा भाग द्या," तो म्हणाला.

ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "का? शिवण उसवली?"

"नाही. वाचायला."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. "तुम्हाला? वाचायला?" मग सावरून म्हणाल्या, "सभासद व्हावं लागेल. आणि आधी पहिला, मग दुसरा. दोन्हींचे अभिप्राय लिहिल्याशिवाय तिसरा मिळत नाही. लोक एकदम शेवट वाचतात आणि इथे उभं राहून सगळ्यांना सांगत सुटतात, म्हणून हा नियम."

खरं कारण सांगितलं असतं तर बाईंनी नियम गुंडाळून ठेवला असता. पण मनातलं सांगायचं म्हटलं की बाइंडरच्या तोंडाला कुलूप लागायचं, ते काही आजचं नव्हतं. त्याने मुकाट्याने फॉर्म भरला. क्रमांक मिळाला सहाशे बारा.

मग सुरू झालं वाचन. पहिल्या भागाला त्याला तीन आठवडे लागले. सुरुवातीला नजर सारखी शिवणीकडे जायची. पण चाळिसाव्या पानापासून तो पोरगा त्याला आवडायला लागला. हरवलेल्या वस्तूला हाक मारली की ती त्या पोराकडे परत यायची: बटण, चावी, एकदा तर बकरी. फक्त हरवलेलं माणूस हाकेला येत नसे. गुरूने हे त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि त्यानंतर गुरू आठ दिवस काही बोललाच नव्हता.

पुस्तक देताना बाइंडरने अभिप्राय लिहिला: "शिवण मजबूत. पान एकशे चार दुमडलं होतं, सरळ केलं."

"हा अभिप्राय नाही, ही कामाची हजेरी झाली," बाई म्हणाल्या. "गोष्टीबद्दल लिहा."

तो पेन हातात धरून उभा राहिला. मागे दोन माणसं ताटकळली. शेवटी त्याने लिहिलं, "गुरू वाईट नाही. त्याला बोलायला सुचत नसेल." आणि कान लाल करून बाहेर पडला.

दुसऱ्या भागात दोनशे बारावं पान आलं तेव्हा तो स्वयंपाकघरात बसला होता. पोराने सूपात चुकून दोनदा मीठ घातलेलं असतं, गुरू पहिला घोट घेतो आणि खो खो हसत सुटतो. बस्स, एवढंच. यात तीनदा वाचण्यासारखं काय होतं, हे त्याला कळेना. मग त्याने ते पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्याला आठवेना की आपण या खोलीत शेवटचं कधी हसलो होतो. समोरची खुर्ची भिंतीला टेकवलेली होती, वर्षभर कुणी ओढली नव्हती. त्याला एकदम इतकं एकटं वाटलं की त्याने उगाच नळ सोडून बंद केला.

तिसरा भाग देताना बाई घुटमळल्या. "एक सांगू का? तुमच्या घरातून त्या शेवटी शेवटी दोनदा आल्या होत्या, याच भागासाठी. मी म्हटलं, एकदा नेलाय की तुम्ही. तर म्हणाल्या, पुस्तक नको, नुसतं मागचं पान वाचून दाखवा. डोळ्यांना दिसत नव्हतं ना त्यांना. दोन्ही वेळा मी सांगितलं, अहो, ते तुमच्याच घरी आहे, बाइंडिंगला."

"बरं," बाइंडर म्हणाला. पुस्तक उचललं आणि निघाला.

घरी येईपर्यंत त्याला सगळं लख्ख आठवलं. ती कामाच्या खोलीच्या दारात उभी होती, भिंतीला धरून. "अहो, तो जादूगाराचा तिसरा भाग आलाय का तुमच्याकडे?" आणि हा मान वर न करता म्हणाला होता, "इथे ढीग पडलाय. खळ ओली आहे, हात लावू नकोस कशाला." मग तिच्या चपला आतल्या खोलीकडे गेल्या.

दुपार होती. त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, फडकं कोमट पाण्यात बुडवून पाठीवर ठेवलं आणि थांबला. खळ पाण्याने सुटते, एवढं नशीब. बाजारातला तयार गोंद वापरला असता तर सगळंच गेलं असतं. कापड सुटलं. त्याखालचं पान त्याने बोटांनी सोडवलं. बॉलपेनची शाई जागच्या जागी होती.

वरचे अभिप्राय ओलांडून तो थेट झुकलेल्या अक्षरावर आला. या वेळी अक्षर मोठं होतं, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"शेवटचं प्रकरण राहिलं. औषधांनी डोळे अधू झालेत. घरी म्हटलं वाचून दाखवा, तर त्यांना काम होतं, उद्या बघू म्हणाले. आठवडा थांबले, आता मुदत संपली. कुणाला शेवट माहीत असेल तर इथे लिहाल का? गुरू बोलतो का? ४१७."

त्याखाली पान गच्च भरलं होतं.

"४१७ यांना. पोरगा परत येतो, दोघं पोटभर गप्पा मारतात. तुम्ही डोळ्यांना जपा. ८८."

"८८ खोटं सांगतायत. हरवलेल्या माणसाला आणायला पोरगा जातो तो येत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, गुरू बोलतो. २०३."

"शेवटी तो दोघांचं वाढून घेतो आणि रिकाम्या खुर्चीला दिवसभराचं सांगत बसतो. मी १४०, रडका नाही, पण रडलो. ४१७ बाई, पत्ता कळवा, मी येऊन वाचून दाखवतो."

तारखा पाहिल्या. सगळी उत्तरं एका महिन्यातली. एका महिन्यात तीन अनोळखी माणसांनी तिला उत्तर दिलं होतं, आणि ते पान तिच्या खोलीपासून दहा पावलांवर या पुस्तकाच्या पाठीत वाळत पडलं होतं. बाइंडरला रडू आलं. त्याने ते आवरलं नाही, आवरायचं कुणासाठी.

मग त्याने उसवलेलं पुस्तक जपून उचललं आणि स्वयंपाकघरात नेलं. भिंतीची खुर्ची ओढून टेबलाला लावली. समोर स्वतः बसला, घसा खाकरला आणि शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचायला लागला. सुरुवातीला आवाज कुणा परक्याचा वाटत होता. जोडाक्षरांना तो अडखळला, दोनदा ओळ चुकली, तेव्हा "थांब हं" म्हणून त्याने मागून वाचलं. गुरू खुर्चीशी बोलायला लागतो तिथे त्याला पाणी प्यावं लागलं. वाचून झाल्यावर तो सवय नसल्यासारखा समोर बघत राहिला. मग सहज घड्याळाकडे नजर गेली.

संध्याकाळपर्यंत त्याने पुस्तक नव्याने शिवलं. पाठीला या वेळी कोरा कागद लावला. जुनं पान शेवटी, नव्या पानाच्या आधी, परत चिकटवलं. तळाशी एका ओळीची जागा उरली होती. तिथे त्याने बारीक अक्षरात लिहिलं:

"४१७ साठी. आज वाचून दाखवलं. सतरा पानं होती. अर्धा तास लागला. ६१२."