काडतुसावरची चीर

काडतुसाच्या पितळी कवचावर तोंडाकडून खाली एक चीर गेली होती. केसाएवढी. भिंगाखाली तिच्या कडा निळसर-हिरव्या दिसत. विकणाऱ्या व्यापाऱ्याने काडतुसांच्या पेट्या वर्षभर तबेल्यावरच्या माळ्यात ठेवल्या होत्या. घोड्यांच्या मुताच्या वाफांनी पितळ असंच तडकतं, आणि तडकलेलं काडतूस बंदुकीतच फाटतं. मी दादाला हे सप्टेंबरातच सांगितलं होतं.

दादा, म्हणजे वुकाशिन, बेलग्रेडमधल्या एका साप्ताहिकाचा संपादक. सरकारसाठी बंदुका-काडतुसांचा हा सौदा त्यानेच जुळवला होता. दलाली दोन वर्षं थकली होती आणि दर अंकात तो युद्धखात्याला झोडपत होता. चिरेबद्दल मात्र एक ओळ नाही. माल खराब म्हटलं की दलाली बुडाली, गहाण पडलेला छापखानाही गेला. आमचा धाकटा भाऊ मिलोये तीच काडतुसं कमरेला बांधून सरहद्दीवर होता.

घराच्या संताच्या दिवशी कुणाला बोलवायचं नसतं. येईल तो पाहुणा, आणि संतापुढची मेणबत्ती संध्याकाळी वाइनने विझवेपर्यंत यजमानाने दिवसभर उभं राहायचं. म्हणून युद्धखात्यातला ओब्राद आला, तेव्हा दादाने त्याच्याही पुढे पाहुण्यांसाठी शिजवलेला गोड गहू धरला.

"ताई, अक्रोड सढळ हाताने घातलेत," ओब्राद म्हणाला. मग त्याने टेबलावर नाण्यांची थैली आणि एक कागद ठेवला. "घ्या तुमची दलाली, संपादकसाहेब. तुमच्या शिव्या वाचल्याशिवाय आमच्या मंत्र्यांना हल्ली कॉफी जात नाही."

"आणि हा कागद कसला?" दादाने विचारलं.

"काडतुसं तुम्ही तपासून घेतलीत, उत्तम होती, एवढंच. खाली सही. उद्या कुणी विचारलं तर दाखवायला."

"नाही केली तर?"

"आज कशाला तो विषय? मेणबत्ती जळतेय तोवर मी पाहुणाच आहे." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. फाटकापाशी दोन शिपाई उभे होते. मघाशी मी त्यांच्यासाठी गहू नेला होता. त्यांनी घेतला नव्हता.

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातलं काडतूस काढून थैलीशेजारी ठेवलं. दादाने ते उचललं आणि चिरेवरून नख फिरवलं.

मेणबत्ती अजून अर्धी होती. त्याने पेल्यातली वाइन तिच्यावर ओतली. ज्योत चर्रकन विझली. मग खुर्ची ओढून तो दिवसभरात पहिल्यांदा बसला.

"काडतुसं तडकलेली आहेत," तो म्हणाला. "मीच आणली. उद्याच्या अंकात हेच छापणार."